तिला नुसतं सोरोचे लागलंय

कालाउता खाणवसाहत, ओरूरो
४ मार्च १९७३

दोन्या देल्मिरा, विहीणबाई,

तुमचं पत्र पोचलं. एका पानात तुम्ही चार वेळा "तिकडे वर" असं लिहिलंत, आणि चारही वेळा असं, जणू आम्ही डोंगरावर नाही, झाडावर राहतो. हो, राहतो वर. माझी आई राहिली, तिची आई राहिली. सव्वाचार हजार मीटरवरसुद्धा माणसं जन्मतात, लग्नं करतात, भांडतात आणि देवाच्या दयेनं म्हातारीही होतात.

एलोयला त्याच्या बापाच्या जागी खाणीत घेतलं, हे तुम्हाला त्यानं सांगितलंच असेल. माझे मालक जानेवारीत गेले. तीस वर्षं खाणीची धूळ छातीत साठली, तिनं नेलं. आता घरात कर्ता माणूस हवा. सहा वर्षांपूर्वी हा मुलगा ऊसतोडीला म्हणून खाली गेला आणि तुमचा जावई होऊन बसला. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. आता मी मागते आहे तर तुम्ही अटी घालता.

तुमचं म्हणणं, एलोयनं एकट्यानं यावं, माझ्या मिर्ताला चौथा महिना आहे, तिचं बाळंतपण इथे खाली मोंतेरोतच होऊ दे, मूल तीन महिन्यांचं झालं की मी स्वतः आणून सोडते. तुमची काळजी मला कळते. पण पहिलं नातवंड बापाच्या घरी, आपल्या माणसांत जन्मावं अशी माझी इच्छा आहे आणि ती काही जगावेगळी नाही. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, खुशाल आणा, इथे दर आठवड्याला बाळंतपणं होतात.

तेव्हा मुलीला मे महिन्यात पाठवा. लोकरीचे कपडे नसतील तर नसू देत, मी विणून ठेवले आहेत.

बासिलिया कोल्के


कालाउता
९ मे १९७३

विहीणबाई,

तुमची लेक रविवारी सुखरूप पोचली. ओरूरोपासून ट्रकच्या केबिनमध्ये बसवून आणली, मागे गोण्यांवर नाही, हे आधीच सांगते. खिंडीत सगळे उतरून दगडांच्या राशीवर एकेक दगड ठेवतात, तसा तिनंही ठेवला. मग म्हणाली, "एवढे दगड असताना आणखी कशाला आणायचे?" ट्रकमधले सगळे हसले. जीभ तुमच्याकडूनच आलेली दिसते.

घरात शिरली तेव्हा ओठ जांभळे झाले होते. तीन दिवस डोकं धरून पडली आणि काही खाल्लं की ओकत होती. याला आम्ही सोरोचे म्हणतो. वरची हवा खालच्या माणसाला लागते, ते सोरोचे. मी कोकाच्या पानांचा काढा पाजत राहिले. वसाहतीतल्या बायका खालच्या मुलखातली कांबा सून बघायला आल्या आणि दारात उभ्या राहून मान हलवून गेल्या. माझी शेजारीण हुस्ता तर म्हणाली, "चार दिवसांत उतरेल ही खाली." मी तिला सांगितलं, बघत राहा.

चौथ्या दिवशी मिर्ता उठून बसली आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, "सासूबाई, इथे हवासुद्धा कंपनीच्या दुकानातून आणायची का? मग मला दोन शेर जास्त आणा." मला हसू आलं. मालक गेल्यापासून पहिल्यांदा मी हसले, तेही तुमच्या मुलीमुळे, हे प्रामाणिकपणे लिहिते.

तिनं हातपंखा आणलाय. इथे पंखा. मी तो चुलीला वारा घालायला घेतला, छान चालतो.

आता ती बरी आहे. भात मागते, मी बटाटे देते. सुकवलेल्या बटाट्यांना ती "खडे" म्हणते आणि खडे म्हणत म्हणत दोन वाट्या संपवते. तुम्ही उगाच भीत होतात.

बासिलिया


कालाउता
१० जून १९७३

विहीणबाई,

खुशाली कळवते. मिर्तानं बाळसं धरलंय. आली तेव्हा गालफडं बसली होती, आता तोंड गोल झालंय, हातही भरले आहेत. लग्नाची अंगठी बोटातून निघेना, साबण लावून काढावी लागली. तुम्हाला वाटत असेल की ही डोंगरावरची कोया बाई सुनेला उपाशी ठेवते, तर येऊन बघा. नको, येऊ नका. पण एवढं कळू दे की तुमची मुलगी माझ्या घरात वाळली नाही, भरलीच.

परवा कंपनीचा माणूस घरांची पाहणी करायला आला होता. मी मिर्ताला दारात उभी केली. त्यानं पोटाकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. बरं झालं.

मी सकाळी ढिगावर जाते. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते, खाणीतून फेकलेल्या दगडांच्या ढिगावर आम्ही विधवा बायका बसतो आणि हातोडीनं दगड फोडून कथील असलेला तेवढा बाजूला काढतो. मिर्ताला तिथे यायचं होतं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, घरात बसून बसून पाय जड झालेत. मी सांगितलं, गरोदरपणात पाय जड होतातच, त्यात काय.

एलोयची पाळी पहाटेची असते. दोघं बरे आहेत.

बासिलिया


कालाउता
२६ जून १९७३

विहीणबाई,

मिर्तानं तुम्हाला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. तुमचं पत्र वाचून मात्र वाटलं की तिनं पानभर रडगाणं लिहिलं असावं. डोकं दुखतं हे खरं आहे. सान हुआनच्या सणाला आम्ही वसाहतीत जागोजागी जाळ करतो. भर हिवाळ्यातली, वर्षातली सगळ्यात गार रात्र ती. मिर्ता शेकोटीपाशी थोडा वेळ बसली होती, धूर लागला असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आग विझली तरी डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात. लहान मुलीसारखं बोलते कधी कधी.

तुम्ही लिहिता की मी निघते, तार करा, दोन दिवसांत ओरूरोला येते आणि तिला घेऊन जाते. अहो, दोन महिने राहिलेत. आठव्या महिन्यात पोरीला ट्रकमधून खाली नेणार, आणि वाटेत काही झालं तर? शिवाय तुमचं वय, तुमचं वजन. तुम्ही इथवर आलात तर मला सोरोचेचे दोन पेशंट सांभाळावे लागतील.

तिला नुसतं सोरोचे लागलंय. थंडीत उलटून येतं कधी कधी. मी काढा देते आहे. हुस्ता म्हणाली, पाय बघ तिचे. मी बघितले. सुजलेत थोडे. माझेही सुजायचे.

तुम्ही येऊ नका. मी सांगते आहे ना.

बासिलिया


ओरूरो
३ जुलै १९७३

दोन्या देल्मिरा,

मिर्ता जिवंत आहे. हे आधी वाचा आणि मग पुढचं वाचा.

शनिवारी तिला झटके आले. ओरूरोच्या मोठ्या दवाखान्यात आणली. पोट उघडून बाळ काढलं. मुलगी होती. पाऊण तास जगली.

मिर्ता काल शुद्धीवर आली. तिला अजून नीट दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, दिसेल. एलोय तिच्याजवळ बसून आहे.

तुम्हाला तार एलोयनं केली आहे. हे पत्र मी लिहिते आहे, कारण तारेत मावत नाही. या.

बासिलिया


कालाउता
५ ऑगस्ट १९७३

दोन्या देल्मिरा,

तुम्ही ओरूरोला चौदा दिवस होतात आणि माझ्याशी बोलला नाहीत. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते, तुम्ही समोरून पाण्याचा तांब्या घेऊन जात होतात. तुमचे ओठ जांभळे पडलेले मला दिसत होते. तुम्हाला चक्कर येत होती, तुम्ही भिंत धरून चालत होतात. मी उठले नाही. तुम्ही माझा हात घेतला नसता.

आता मिर्ता तुमच्याकडे पोचली आहे, एलोयही सोबत आहे. तेव्हा मला काही लपवायचं राहिलं नाही. मी पत्रांत जे लिहिलं त्यातलं खोटं काय होतं, ते तुम्हाला कळलं पाहिजे.

डॉक्टरांना मी विचारलं नव्हतं. मार्चमध्ये मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेले होते. रांग मोठी होती आणि आत गेले असते तर ते "नको" म्हणाले असते, अशी मला भीती होती. मी परत आले आणि तुम्हाला "खुशाल आणा" असं लिहिलं.

नातवंड आपल्या माणसांत जन्मावं, हेही पूर्ण खरं नव्हतं. हे घर कंपनीचं आहे. मालक गेले तेव्हा मला तीन महिन्यांत घर सोडायला सांगितलं. मुलगा कामावर लागला तर घर राहतं, पण त्याला बायको असेल आणि ती इथे राहत असेल तरच. एकट्या माणसाला बराकीत खाट देतात. दोन खोल्या, एक चूल आणि समोरच्या पायरीवर सकाळचं ऊन, एवढंच घर आहे. मी त्यात एकतीस वर्षं काढली. त्यासाठी मी तुमच्या मुलीला पोटासकट वर आणली आणि कंपनीच्या माणसाला दाखवली. ती दारात उभी होती तेव्हा चौकटीला धरून होती. मला वाटलं, लाजते आहे.

आता शनिवारचं सांगते. सकाळी एलोय पाळीवर गेला होता. मी हातोडी घेऊन निघाले तेव्हा मिर्ता खाटेवर बसलेली होती. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला हात दाबून. चेहरा इतका सुजलेला की डोळे लहान दिसत होते. ती म्हणाली, "सासूबाई, मला खाली घेऊन चला. आईला बोलवा."

मी म्हटलं, "सोरोचेनं कोणी मरत नाही, पोरी." आणि दार ओढून घेतलं.

दुपारी हुस्ता ढिगावर धावत आली. धावताना ती दोनदा पडली. मी घरी पोचले तेव्हा मिर्ता जमिनीवर होती आणि तिचं अंग आपोआप आपटत होतं. तोंडात रक्त, जीभ चावलेली. कथलाचा ट्रक निघायच्या बेतात होता, त्यात गोण्यांवर पांघरूण टाकून तिला घातली. एलोयला खाणीतून वर आणायला वेळ लागला, तो तसाच धुळीनं भरलेला चढला. तीन तास लागतात ओरूरोला. वाटेत आणखी दोनदा झटके आले.

तिथला डॉक्टर तरुण होता. तो माझ्यावर ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, किती दिवस डोकं दुखत होतं, अंग कधीपासून सुजलं, डोळ्यांपुढे काही दिसायचं का. मी सगळं सांगितलं. अंगठीचं सांगितलं, ठिणग्यांचं सांगितलं. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की मी काय सांगते आहे. मी म्हटलं, आम्हाला वाटलं सोरोचे आहे. तो म्हणाला, हा रक्तदाबाचा आजार, गरोदरपणातला. कुठेही होतो, पण तुमच्याकडे वर जास्त होतो. सोरोचे तीन-चार दिवसांत जातं. महिन्यानंतर येतं ते सोरोचे नसतं.

मग त्यानं माझं विचारलं. मला किती मुलं. मी म्हटलं, पाच झाली, दोन राहिली. एक एलोय, एक मुलगी, ती लग्न होऊन दूर गेली. पहिली तीन गेली, दोन पोटातच आणि एक चौथ्या दिवशी. आमच्याकडे पहिली मुलं राहत नाहीत असं म्हणतात, थंडीनं जातात. त्यानं विचारलं, तेव्हा तुमचे हातपाय सुजायचे का. मी हो म्हटलं. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाला, कदाचित तेच असेल.

विहीणबाई, मी दगड हातात घेतला की वजनावरून सांगते कथील आहे की नाही. फोडायच्या आधी. ढिगावर माझा शब्द शेवटचा असतो. आणि तीस वर्षं मी स्वतःचीच मुलं कशानं गेली ते ओळखलं नाही, वर त्याच तोऱ्यात तुमच्या मुलीचं निदान केलं. तुम्हाला जूनभर "येऊ नका, येऊ नका" असं लिहीत राहिले. तुम्ही जूनमध्ये आला असतात तर ती वाचली असती. मिर्ता वाचली आहे. मी तिच्या मुलीबद्दल बोलते आहे.

तिला आम्ही वर आणली. एलोय म्हणाला, आई, तिला कुठे ठेवायची? ओरूरोत आपलं कोणी नाही, मोंतेरो दोन दिवसांवर. म्हणून कालाउत्याच्या दफनभूमीत, माझ्या तिघांच्या शेजारी. मला नातवंड इथलं हवं होतं. ते इथलं झालं.

एलोयनं कामाचा राजीनामा दिला. मी त्याला थांबवलं नाही. उलट मीच म्हटलं, तिच्याबरोबर जा आणि परत येऊ नको. तिला पुन्हा दिवस गेले तर एक पायरीसुद्धा वर चढू देऊ नको. घर ऑगस्टअखेर सोडायचं आहे. हुस्ताकडे एक खोली आहे, मी तिथे जाईन. हे तुम्हाला कीव यावी म्हणून लिहीत नाही, पत्ता बदलेल म्हणून कळवते.

मिर्ता निघाली त्या दिवशी मी स्टेशनवर होते. तुम्ही पाहिलंत मला. तिनंही पाहिलं. आता तिला दिसतं, हे मला तेव्हा कळलं. ती बोलली नाही आणि मी तिच्याजवळ काही मागितलं नाही.

तुमच्याजवळही मागत नाही. माफीला मी पात्र नाही, हे मला कळतं. तरी एवढं लिहिते, की तुमची मुलगी माझ्या घरात दोन महिने होती आणि मला ती आवडत होती. फार आवडत होती.

बासिलिया कोल्के


कालाउता, हुस्ताच्या घरून
४ नोव्हेंबर १९७३

दोन्या देल्मिरा,

तुम्ही लिहाल असं मला वाटलं नव्हतं. तुमचं पत्र तीन ओळींचं आहे, ते मी हुस्ताला वाचून दाखवलं आणि मग एकटीनं पुन्हा वाचलं. मिर्ता हिंडते-फिरते, तुमच्या शेजारच्या पोरांना शिकवते, एलोयला साखर कारखान्यात काम मिळालं. बरं झालं.

तिसऱ्या ओळीत तुम्ही विचारता, मुलीवर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं होतं का, आणि काय नाव दिलं. मिर्ता विचारते आहे, असं तुम्ही लिहिता. एलोयला माहीत नाही, तो तेव्हा बाहेर होता. मिर्ता शुद्धीत नव्हती. खोलीत मी होते आणि एक सिस्टर होती. हे मी एलोयला किंवा मिर्ताला कधी सांगितलं नाही. दफनाच्या वेळी पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हाही फक्त त्यांच्या कानात सांगितलं.

बाळ एवढंसं होतं, माझ्या दोन तळव्यांत मावत होतं. निळसर. रडलं नाही, पण बोटं हलवत होतं. सिस्टर म्हणाली, ही फार वेळ नाही, पाणी घाला. एनॅमलचा पेला तिनं माझ्या हातात दिला. बिनपाण्याचं मूल गेलं की आमच्याकडे गारा पडतात म्हणतात. मला गारांची फिकीर नव्हती, ते मूल माझ्याकडे बघत होतं. सिस्टर म्हणाली, "नाव?"

मुलगा झाला तर मालकांचं नाव, तिबुर्सियो, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते. मुलीचा विचारच केला नव्हता. आणि त्या आधीचे तीन तास ट्रकमध्ये मी मिर्ताचं डोकं मांडीवर घेऊन मनात तुमच्याशीच बोलत होते. आता दोन्या देल्मिराला काय लिहू. देल्मिरानं येते म्हटलं होतं, मी येऊ दिलं नाही. देल्मिरा, तुझी पोर मरते आहे माझ्या मांडीवर. तीन तास तेच. तोंडात दुसरं नाव शिल्लकच नव्हतं.

सिस्टरनं पुन्हा विचारलं, "लवकर सांगा, नाव काय?"

मी म्हटलं, "देल्मिरा."

पाऊण तास ती देल्मिरा होती. मी तिला एकदाच हाक मारली, तिनं बोट धरलं.

जिवंत माणसाचं नाव मेलेल्या मुलाला दिलं, हे तुम्हाला अशुभ वाटेल. मलाही वाटलं. पाद्रीबाबांना विचारलं, बदलता येईल का. ते म्हणाले, पाण्यानं दिलेलं नाव बदलत नाही. क्रूस पत्र्याचा आहे, एलोयनं कापला. त्यावर नाव नंतर मी एकटीनं खिळ्यानं ठोकलं, एकेक अक्षर, कारण हातोडी मला चालवता येते. "देल्मिरा", बस, पुढे काही नाही.

परवा सर्व मृतांचा दिवस झाला. आम्ही पावाच्या पिठाची बाळं भाजून मांडतो आणि येईल त्याला प्रार्थना करायला सांगतो. बायका यायच्या आणि विचारायच्या, कोणासाठी म्हणू? मला मोठ्यानं सांगावं लागायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या थंडीत मी तुमचं नाव घेत होते, आणि प्रत्येक बाई ते म्हणून गेली.

हे मिर्ताला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला राग आला तर लिहा, मी वाचेन. मी रविवारी तिथे जाते, बर्फ असेल तर झाडते. तिला हाक मारायची झाली तर मला तुमच्याच नावानं मारावी लागते. मी मारते.

बासिलिया